माग तोच, कार्डं नवी

"मामा, झेड ८ विकून टाकू या का ओ? भाव आहे तोवर."

रविवारी सकाळी स्टुडिओचं शटर वर करतानाच भाच्यानं विषय काढला. रात्रभर मोबाइलवर नव्या कॅमेऱ्यांच्या बातम्या बघत बसला होता. सोनीचा ए ९ थ्री, त्यातलं सगळं चित्र एकाच क्षणी टिपणारं ग्लोबल शटर, सेकंदाला १२० फ्रेम. कॅननचा आर ५ मार्क टू, आपला डोळा जिकडे वळेल तिकडे फोकस. सगळं तोंडपाठ. पोरगा हुशार आहे, लग्नात दुसरा कॅमेरा तोच चालवतो. त्याला "गप बे" म्हणून गप्प बसवणं मला पटेना. मग चहा मागवला आणि दोन तास बोलत बसलो. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो, कारण सोलापुरातली, बार्शी-पंढरपूरकडची कितीतरी पोरं मला हाच प्रश्न विचारतात.

निकॉन झेड ८ बाजारात आला मे २०२३ मध्ये. मी घेतला त्याच वर्षीच्या खंडेनवमीला. साडेतीन लाखांच्या आसपासची वस्तू, आमच्यासारख्या धंद्यात हा आकडा लहान नाही. कॅमेऱ्यांवरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला नसता, तर मी तेव्हाही थांबलो असतो. घरी आणला, पाटावर ठेवला, हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. शेजारी अण्णांची जुनी पंचाची हातोडी होती. आमच्या घरी खंडेनवमीला ती हातोडी पुजल्याशिवाय दुसऱ्या कशाची पूजा होत नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं कार्ड पंचिंग केलं. सोलापुरी चादर जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणली जाते हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्या चादरीवरचा मोर किंवा कमळ येतं कुठून, हे फार कमी लोकांनी बघितलेलं असतं. ते येतं पुठ्ठ्याच्या कार्डांवरून. एक कार्ड म्हणजे आडव्या सुताची एक ओळ. कार्डाला जिथं भोक असेल तिथं सुई आत जाते, हूक वर उचलला जातो आणि त्याच्यासोबत ताण्याचं सूत वर येतं. भोक नसेल तर सुई मागं ढकलली जाते, सूत खालीच राहतं. अशी शेकडो कार्डं दोरीनं एकमेकांना शिवून त्यांची माळ मागाच्या माथ्यावर चढवायची. माळ फिरत राहते, खाली नक्षी उमटत राहते. मोराच्या जागी कमळ हवं असेल तर माग बदलत नाहीत. कार्डं बदलतात.

कॅमेऱ्याच्या आत बसून त्याला काय कसं करायचं ते सांगणारं सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर, हे मला कुठल्याही इंजिनिअरकडून समजून घ्यावं लागलं नाही. लहानपणी अण्णांचा डबा घेऊन कारखान्यात जायचो, तिथंच ते कळलं होतं.

आणि मुद्दा इथंच आहे. माझ्याकडं जो झेड ८ आहे तो २०२३ मध्ये घेतलेला झेड ८ राहिलेलाच नाही. लोखंड तेच, उजेड टिपणारा सेन्सर तोच, ४५.७ मेगापिक्सेल तेच. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये फर्मवेअरची आवृत्ती २.०० आली आणि त्यात अशा गोष्टी होत्या की ज्यांच्यासाठी पूर्वी आम्हाला नवा कॅमेरा घ्यायला लागला असता. त्यातली एक मी जरा सविस्तर सांगतो, कारण ती माझ्या पोटाशी निगडित आहे.

लग्नांशिवाय माझं दुसरं काम म्हणजे कापडाचे फोटो. चादरी, टेरी टॉवेल, नॅपकिन. माल बाहेरदेशी पाठवणाऱ्यांना कॅटलॉग लागतो. जानेवारी २०२४ मध्ये असंच एक काम होतं, बारीक चौकटीच्या विणीचं. फोटो काढले, कॉम्प्युटरवर उघडले आणि पोटात गोळा आला. पांढऱ्या-निळ्या चौकटींवर जांभळ्या-हिरव्या लाटा पसरलेल्या. थोडं मोठं करून बघितलं तर लाटा जागा बदलायच्या. पुन्हा छोटं केलं की दुसऱ्या कोपऱ्यात. मालकांना नमुना दाखवला तर त्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं वीणच फसली.

तो टॉवेल मी घरी आणला. अण्णांनी कपाटातून सूत मोजायचं भिंग काढलं, ते पितळी घडीचं. उन्हात बसून इंचाइंचाला सुतं मोजली. मग स्क्रीनवरचा फोटो बघितला, बराच वेळ. आणि म्हणाले, "सूत सरळ आहे. तुझ्या मशीनमध्ये पण कसली तरी जाळी आहे का?"

मी बघतच राहिलो. ते उठले, मच्छरदाणीची दोन टोकं एकावर एक धरली आणि जरा तिरकी फिरवली. लाटा. अगदी तशाच लाटा.

याला मॉयरे म्हणतात. कापडात सुतांची जाळी, सेन्सरवर पिक्सेलची जाळी, दोन्हींचं माप जवळपास जुळलं की तिसरीच नक्षी दिसायला लागते. वर रंगांचा गोंधळ, कारण सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो, बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून अंदाजानं भरतो. बारीक विणीवर तो अंदाज चुकतो. पूर्वी कॅमेऱ्यांत चित्र किंचित मऊ करणारा एक फिल्टर सेन्सरपुढं असायचा. जास्त तपशील मिळावा म्हणून आता बऱ्याच महागड्या कॅमेऱ्यांत तो काढून टाकलाय, झेड ८ मध्येही नाही. त्यामुळे धारदार चित्र मिळतं आणि चादरीवर लाटा येतात.

त्या वेळी मी कॅमेरा मागंपुढं करून, अंतर बदलून, काही फोटो कॉम्प्युटरवर तासन् तास घासून काम निभावलं. आणि पुढच्या महिन्यात २.०० आली. त्यात पिक्सेल शिफ्ट होतं. कॅमेऱ्यात सेन्सर हलवणारी जी यंत्रणा हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून बसवलेली असते, तीच सेन्सरला मुद्दाम एकेक पिक्सेल सरकवते आणि लागोपाठ चार फोटो काढते. म्हणजे कापडाच्या प्रत्येक बिंदूवरून लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग खरोखर मोजले जातात. अंदाज नाही. मग हे चार फोटो निकॉनच्या एनएक्स स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करायचे. ३२ फोटोंपर्यंतही जाता येतं, तेव्हा चित्र १८० मेगापिक्सेलच्या आसपास जातं. मला चारच पुरतात.

यंत्रणा पहिल्या दिवसापासून आतच होती. तिला नवं काम शिकवणारी कार्डं तेवढी नंतर आली.

पहिल्यांदा वापरलं तेव्हाही अडचण आलीच. फोटोत विचित्र चौकोनी चट्टे. ट्रायपॉड पक्का, दिवे पक्के, तरी चट्टे. अर्ध्या तासानं लक्षात आलं. मी मालाच्या खोलीत होतो आणि भिंतीपलीकडं चोवीस यंत्रमाग चालू होते. पायाला सवय झालेली, म्हणून थरथर जाणवत नव्हती. पिक्सेलला जाणवत होती. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीची वाट बघितली. एकेक करून माग थांबले, ती खडखड थांबल्यावर कानात जी पोकळी येते ती पूर्व भागात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. त्या पाऊण तासात अकरा चादरी उरकल्या. संध्याकाळी अण्णांना दाखवलं. त्यांनी स्क्रीनवरच भिंग लावलं आणि सुतं मोजली. बरोबर आली.

आता हे एकट्या निकॉनचं नाही. फुजीफिल्मनं २०११ च्या एक्स १०० ला ऑक्टोबर २०१३ मध्ये मोठं अपडेट दिलं, तेव्हा त्याचा धाकटा भाऊ एक्स १०० एस बाजारात येऊन महिने झाले होते. म्हणजे जो कॅमेरा आता विकायचाच नाही, त्यावरही त्यांनी कष्ट घेतले. हे मला फार मोठं वाटतं. कॅननच्या आर ५ ला, २०२० च्या, मार्च २०२३ मध्ये ४०० मेगापिक्सेलचा मोड मिळाला. आणि निकॉनच्याच झेड ९ ची तर गोष्टच वेगळी. ऑक्टोबर २०२१ ला जाहीर झालेला कॅमेरा. एप्रिल २०२२ मध्ये २.००, त्यात कॅमेऱ्यातच ८के ६०पी रॉ, म्हणजे फार बारकाईचा, सेकंदाला ६० फ्रेमचा, प्रक्रिया न केलेला व्हिडिओ आणि बटण दाबायच्या आधीचे क्षण पकडणारं प्री-रिलीज कॅप्चर. त्याच वर्षी ऑक्टोबरात ३.००, जून २०२३ ला ४.००, मार्च २०२४ ला ५.००. ज्यानं पहिल्या दिवशी घेतला त्याला प्रत्येक वेळी फुकट.

यातल्या ३.०० मधली एक सोय लग्नवाल्यांच्या फार कामाची, हाय-फ्रिक्वेन्सी फ्लिकर रिडक्शन. झेड ८ ला ती पहिल्यापासूनच मिळाली. हल्ली आपल्याकडं होटगी रोडपासून विजापूर रोडपर्यंत कुठल्याही कार्यालयात स्टेजमागं एलईडी वॉल असते. फोटोत तिच्यावर काळे पट्टे येतात आणि नवरीच्या आईला वाटतं फोटोग्राफर कच्चा आहे. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, ते साध्या फ्लिकर रिडक्शनला झेपतं. एलईडी वॉल त्याच्या कितीतरी पट वेगानं लुकलुकते. या सोयीत शटर स्पीड अगदी बारीक पायऱ्यांनी, दशांशात सरकवता येतो. वॉलकडं कॅमेरा धरायचा, चाक हळूहळू फिरवायचं, पट्टे विरघळतात तो आकडा पकडायचा. मी मुहूर्ताच्या तासभर आधी जाऊन हे करतो. आमच्या वहीत कार्यालयागणिक आकडे लिहून ठेवलेत, भाच्याच्या अक्षरात.

पण फर्मवेअरचं सगळं गोडच आहे असं मी सांगणार नाही. २०१८ च्या डिसेंबरची गोष्ट. तेव्हाचा कॅमेरा वेगळा होता, त्यावर दुसऱ्याच कंपनीची २४-७० लेन्स. हळदीच्या आदल्या रात्री मला अपडेट दिसलं आणि मी ते टाकलं. सकाळी लेन्स लावली तर स्क्रीनवर एरर. काढली, पुसली, परत लावली. एरर. कॅमेरा आता त्या लेन्सशी बोलायलाच तयार नव्हता. दुसऱ्या कंपनीच्या लेन्सला कॅमेऱ्याची भाषा पूर्णपणे दिलेली असेलच असं नसतं, बऱ्याचदा ती तिनं ऐकून-ऐकून शिकलेली असते. कॅमेऱ्यानं एक शब्द बदलला की संवाद तुटतो. ती हळद आणि ते लग्न मी झूम न होणाऱ्या एकट्या ५० एमएम लेन्सवर काढलं. मांडवात मागं सरकायला जागा नाही, सप्तपदीला मी भिंतीला पाठ टेकून उभा, तरी नवरदेवाचा फेटा कापला जातोय. मुलीच्या वडिलांनी नंतर अल्बम बघितला आणि काही बोलले नाहीत. चुलत्यांसोबतचा मोठा फोटो नव्हता त्यात. त्या चुलत्यांपैकी एक पुढच्या वर्षी गेले. हे मला अजून टोचतं.

तीन आठवड्यांनी लेन्सवाल्यांचं अपडेट आलं, लेन्स कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डॉकवर लावून टाकलं, लेन्स चालू झाली. पण ते लग्न परत येणार नव्हतं.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, नवी कार्डं कधीही भर ऑर्डरीत चढवायची नाहीत. आधी हातभर विणून बघायचं. एका कार्डाला एक भोक चुकलं तर ते चादरीत एकदा दिसत नाही, माळ जितक्या वेळा फिरेल तितक्या वेळा दिसतं. मग कागदाचा तुकडा चिकटवून भोक बुजवायचं, नाहीतर ते एक कार्ड नव्यानं पाडून माळेत शिवायचं. आणि जुनी माळ नव्याची खात्री पटेपर्यंत खुंटीवरून काढायची नाही.

तेव्हापासून आमच्या स्टुडिओत सुपारी फुटली की फर्मवेअरला हात लागत नाही. अपडेट आलं की दोन-तीन आठवडे थांबतो, जगभरचे लोक काय म्हणतात ते वाचतो. कंपनीनं अपडेट मागं घेतलं, असंही अधूनमधून होतं. मग मुहूर्तांत आठ-दहा दिवसांची फट बघायची. बॅटरी पूर्ण भरलेली, मेमरी कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलेलं, फाइल कार्डात कुठल्याही फोल्डरमध्ये न टाकता सरळ बाहेर ठेवलेली. सेटिंगा आधी कार्डावर साठवून घ्यायच्या. स्क्रीनवरची अपडेटची पट्टी पुढं सरकत असताना कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. झालं की घरातली प्रत्येक लेन्स एकदा तरी लावून बघायची, फ्लॅश, ट्रिगर, जुनी मेमरी कार्डं, सगळं. लेन्सलाही आपलं वेगळं फर्मवेअर असतं, ते बहुतेक लोक विसरतात. झेडमध्ये ते कॅमेऱ्यातूनच टाकता येतं, मेन्यूत कॅमेऱ्याच्या आवृत्तीखाली लेन्सची आवृत्ती दिसते.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते, ती म्हणजे विकतची फर्मवेअर. सोनीनं स्क्रीनवरच्या मार्गदर्शक रेषा आपल्याला हव्या तशा करण्याच्या सोयीसाठी १४९ डॉलरचा परवाना काढला. शाळेत एकाच मापाचे शेकडो फोटो काढणाऱ्याला त्या रेषांचा उपयोग आहे, मान्य. पण रेषाच आहेत त्या. तीन-चार लाख मोजल्यावर रेषेला वेगळे पैसे का? ज्या कंपन्या जुन्या कॅमेऱ्यावर फुकट कष्ट घेतात त्यांच्याकडं मी परत जाणार, हे माझं ठरलेलं आहे.

मग पैसे कुठं घालायचे? लेन्समध्ये. भाच्याला हे पटवायला मी मार्चमधली नान्नजची सकाळ आठवून दिली. आम्ही दोघं होतो, झेड ८ आणि १८०-६०० एमएमची लांब पल्ल्याची लेन्स. ही लेन्स जून २०२३ ला जाहीर झाली, ट्रायपॉडची कॉलर सोडून १,९५५ ग्रॅम. तिचं झूम आतल्या आत होतं, नळी बाहेर येत नाही, त्यामुळे आपल्या माळावरची धूळ आत ओढली जात नाही. बार्शी रोडनं वीसेक किलोमीटरवर ते गवताळ रान. १९७९ मध्ये ते माळढोकासाठी राखलं, माळढोक आता तिथं दिसणं फार अवघड झालंय. त्या दिवशीही दिसला नाही. दिसला भोवत्या.

भोवत्या हा हिवाळ्यात येणारा शिकारी पक्षी. गवताच्या शेंड्याला पोट घासेल इतक्या खालून, पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून तरंगत येतो. आदल्या वर्षीच्या डिसेंबरात हाच कॅमेरा, हीच लेन्स, आणि फोकस दर दोन फ्रेमला गवताच्या कुसळावर जाऊन बसायचा. शंभर फोटोंतले पंधरा-वीस कामाचे. २.०० मध्ये प्राण्यांपासून वेगळा असा खास पक्ष्यांचा फोकस मोड आला. त्या मार्चमध्ये तो भोवत्या पिवळ्या गवताच्या मागून आला, अर्धा झाकलेला, आणि फोकसचा चौकोन त्याच्या डोळ्यावर जाऊन चिकटला. गवत मधे आलं तरी सुटला नाही. तो वळला, उन्हात त्याचा पिवळा डोळा चमकला, भाचा श्वास रोखून "मामा, मामा, मामा" एवढंच म्हणत होता. प्री-रिलीजही लावून ठेवलं होतं. त्यात फोटो फक्त जेपेगमध्ये मिळतात, रॉ मिळत नाही, ही खरी उणीव आहे. तरी त्यानं गवतात झेप घ्यायच्या आधीचं ते पाय खाली सोडणं, ते माझ्या बोटाआधी कॅमेऱ्यानं टिपलं होतं.

"तेव्हा बॉडी नवी होती का?" मी भाच्याला विचारलं.

तो बराच वेळ कपातल्या चहाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मग मामा, १३५ ची प्लेना घेऊ या की ओ. बॉडी बदलायचे पैसे वाचले तर." एफ १.८ ची ती लेन्स, २०२३ मध्येच आलेली. लग्नातल्या चेहऱ्यांसाठी मी तिच्यावर कधीपासून डोळा ठेवून आहे, हे त्याला बरोबर माहीत होतं. दसऱ्याला बघू म्हटलं.

झेड ८ ची ३.०० आवृत्ती २०२५ मध्ये आली, ती मी अजून टाकलेली नाही. पुढचं लग्न बावीस दिवसांनी आहे, म्हणजे फट मिळालीय. फाइल कार्डावर आहे, बॅटरी चार्जिंगला लावलीय. अण्णांना संध्याकाळी स्टुडिओत बोलावलंय. ती पट्टी पुढं सरकताना त्यांना बघायला आवडते, आणि पूर्ण होईपर्यंत ते कुणालाही टेबलाजवळ फिरकू देत नाहीत.